आमच्यातील एक बहीण

माझी प्रार्थना लांब असते, हे मला साठीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ती गोष्ट वेगळी. तीस-बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या बाईला आपण होऊन थांबायचं माहीत नसतं. तास संपल्याची घंटा दुसऱ्या कोणीतरी वाजवायची असते. निवृत्त झाले आणि अहमदपूरच्या आमच्या चर्चमधल्या बायकांनी मला प्रार्थनासभेची अध्यक्ष केलं. दर बुधवारी दुपारी चार ते पाच. तिथे घंटा वाजवणारं कोणी नव्हतं.

या सभेत एक जुनी रीत आहे. प्रार्थनेत कोणाची चूक देवापुढे मांडायची तर नाव घ्यायचं नाही, 'आमच्यातील एक बहीण' म्हणायचं. रीत चांगली, अब्रू झाकणारी. पण सोळा-सतरा बायकांच्या सभेत ही एक बहीण कोण, ते ओळखायला काय लागतं? 'प्रभू, आमच्यातील एका बहिणीचं नळावरून शेजारणीशी वाजलं आहे,' असं मी म्हटलं की सगळ्यांच्या माना मिटल्या डोळ्यांनीच बरोबर त्या दिशेला वळायच्या. एका बहिणीचं सुनेशी पटत नाही, एक बहीण दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून असते, एका बहिणीने नाताळच्या करंज्या चक्क विकत आणल्या. हे सगळं मी वेळच्या वेळी देवाच्या कानावर घातलं आहे. मला वाटायचं, मी या बायकांसाठी तळमळते आहे. याला चहाडी म्हणतात हे कधी डोक्यात आलं नाही. चहाडी करताना माणूस हात जोडत नाही, एवढाच काय तो फरक.

त्या वर्षी आमच्यात एक नवी सून आली. माहेर देवणीकडचं, सासर अहमदपूरपासून एसटीने अर्ध्या तासावरच्या गावात. अंगाने काडी, पण गळा असा की पहिल्याच बुधवारी तिने गायला तोंड उघडलं आणि आमच्या पेटीवाल्या बाईंनी पेटीवरचा हात उचलून घेतला. फेब्रुवारीत लातूरला आसपासच्या सगळ्या चर्चमंडळ्यांच्या बायकांचा मेळावा होता. प्रत्येक मंडळीला दहा मिनिटं, त्यात एक प्रार्थना आणि एक गीत. प्रार्थना अर्थात माझी. गीत हिने म्हणायचं ठरलं. शब्द तिचेच होते आणि चाल तिच्या आईची, जात्यावरच्या ओवीची. आई देवणीहून ऐकायला येणार होती. लग्न झाल्यापासून आईने तिचं गाणं ऐकलेलं नव्हतं, आणि हे तिने मला निदान तीन वेळा सांगितलं असेल.

तिचं एकच मला खटकायचं. मी शेवटची प्रार्थना सुरू केली की थोड्या वेळाने सतरंजी हलायची, कोणीतरी बांगड्या मुठीत धरून उठायचं, मग दाराशी चपला सरकल्याचा आवाज. मी एक डोळा किलकिला करून बघायचे. दर वेळी तीच. शाळेत प्रार्थनेला डोळे उघडणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलेलं आहे. पण माझा डोळा उघडा होता तो जबाबदारी म्हणून, असं मी धरून चालले होते.

चार-पाच बुधवार सोसलं. मग जानेवारीतल्या एका बुधवारी सतरंजी हलली तशी मी आवाज चढवला. म्हणाले, "प्रभू, आमच्यातील एका बहिणीला तुझ्या पायांपेक्षा एसटी मोठी वाटते. तिला जरा बसायला शिकव."

दाराशी चपला थांबल्या. मग गेल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या बुधवारी ती शेवटपर्यंत बसून राहिली. देवाने माझं ऐकलं म्हणून मी इतकी खूश झाले, की उपकारस्तुतीसाठी आणखी दहा मिनिटं घेतली. आमेन झाल्यावर बघते तर ती पायरीवरून खाली उतरून पळतच सुटली होती.

त्यानंतर ती आलीच नाही. एक बुधवार गेला, दुसरा गेला. बाई फुगून बसल्या, असं मी म्हटलं. एक फोन करायला काही लागलं नसतं, पण अध्यक्षाने का करायचा, हा माझा तोरा. तिसऱ्या बुधवारी मी जाहीर केलं की लातूरला तिचं गीत होणार नाही, आपण सगळ्या मिळून नेहमीचंच एखादं म्हणू. कोणी काही बोललं नाही. बायका गप्प बसल्या म्हणजे त्यांना पटलं, असं मला शाळेपासून वाटत आलं आहे.

शेवटची प्रार्थना कोण करतंय, असं मी त्या दिवशी मोठ्या मनाने विचारलं. असं विचारायचं आणि कोणी पुढे आलं नाही की आपणच करायची, हा माझा शिरस्ता. पण कोपऱ्यातून मावशींनी हात वर केला. या मावशी सरकारी दवाखान्यात आया होत्या, आता बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एकट्या राहतात. अक्षरओळख नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून सभेत आमेनखेरीज शब्द ऐकलेला नव्हता. मला कौतुक वाटलं. मी डोळे मिटले.

"देवा," मावशी म्हणाल्या, "मला तुझ्यासंगं लई बोलता येत न्हाई. आमच्यातली एक बहीण हाय. तिला दुसऱ्याचं बारीकसारीक समदं दिसतं, सवताचं दिसत न्हाई. प्रार्थनेत बी तिचा एक डोळा उघडा ऱ्हातो. तिला माफ कर. मनानं वाईट न्हाई ती."

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या चिटणीसबाई उभ्या राहिल्या. त्यांना इकडेतिकडे बघायची खोडच आहे. बरं झालं कोणीतरी बोललं, असं वाटून मी 'होय प्रभू' म्हटलं आणि वर एक खणखणीत आमेन ठोकलं.

ते आमेन एकटंच पडलं. दुसरं कोणीच म्हणालं नाही. काय झालं म्हणून सवयीप्रमाणे एक डोळा उघडला, तर सभेतल्या झाडून सगळ्या बायका टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होत्या. चिटणीसबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. डोळे मिटलेल्या फक्त मावशी होत्या, आणि त्यांची प्रार्थना अजून संपली नव्हती.

"अन् देवा, त्या लेकराला बी सांभाळ. त्या बुधवारी आमेन व्हायला उशीर झाला अन् तिची साडेपाचची गाडी गेली. मी बघितलं ना. दिवे लागंस्तोर फलाटावर बसून होती. चहा दिला तर पेली न्हाई, सासू काय म्हणंल म्हणून रडून राहिली होती. आमेन."

घरी कशी आले आठवत नाही. आधी संताप आला, तो मावशींचा. नंतर चिटणीसबाईंचा. मग आमच्या ह्यांचा, कारण ते समोर होते. हे एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीनंतरही अर्ध्या जिल्ह्याच्या गाड्या त्यांना तोंडपाठ. त्यांना विचारलं, अहो, त्या गावची साडेपाचची गाडी चुकली तर पुढची कधी? ते म्हणाले, मधी काहीच नाही, मग थेट मुक्कामाची, साडेसातला. आणि चर्चपासून स्टँड पायी वीस मिनिटं. सभा पाचला संपते असं आमच्या पाटीवर लिहिलं आहे. ती कधी संपते हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना ठाऊक होतं. इतके बुधवार ते पाच वाजता चहाचं आधण ठेवून सहाला एकटेच पीत होते.

"तुझी प्रार्थना लई चांगली असती," ते म्हणाले. "पण तिच्यात कंडक्टर न्हाई. एकदा डबल बेल पडली की सुटली. थांबवायला सिंगल बेल मारणार कोण?"

मी हसले नाही. रडले, आणि बराच वेळ रडले. माझं वय, माझी नोकरी, माझी इज्जत, सगळं मला त्या फलाटावरच्या बाकड्यावर बसलेलं दिसत होतं, त्या पोरीच्या शेजारी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मी दर वर्षी फळ्यावर लिहून घेतली आहे. ही मुळात आमच्या प्रभूची शिकवण, असं इतर शिक्षिकांना अभिमानाने सांगितलंही आहे. म्हणीचा वाक्यात उपयोग करा, दोन गुण. स्वतःवर उपयोग करा, असं कधी कोणाला सांगितलं नाही.

रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर घेण्याआधी आमच्या चर्चचे पाळक दोन मिनिटं शांतता ठेवतात, प्रत्येकाने स्वतःला तपासावं म्हणून. ती दोन मिनिटं मी आजवर इतरांचे बाक तपासण्यात घालवली होती, कोणी घ्यावी आणि कोणी घेऊ नये ते. आणि कोणाशी बिघडलं असेल तर आधी समेट, मग भाकर, हा आमचा नियम. म्हणून शनिवारी सकाळी मी अर्ध्या तिकिटात त्या गावी निघाले.

फाट्यावर उतरून शेताच्या बांधाने चालत गेले. वाळलेल्या गवताची कुसळं साडीच्या काठाला गुडघ्यापर्यंत चिकटली. अंगणात तिची सासू हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. मला बघून सून आत पळाली. सासू म्हणाली, या बाई, आणि घाट्यांचं सूप माझ्यापुढे सरकवलं. मग मीही सोलायला बसले. कबुली द्यायला हाताला काम असलेलं बरं असतं.

मी सांगितलं की उशीर तिचा नव्हता, माझा होता. ती सभेतून लवकर उठायची म्हणून मी तिला चारचौघींत टोमणा मारला, तोही देवाच्या आडून, आणि त्या भीतीने ती बसून राहिली. मावशींची प्रार्थनाही जशीच्या तशी सांगितली, आत ऐकू जाईल अशी. सासू ऐकत होती. तिचंही म्हणणं सरळ होतं. सुनेने सभेला जावं, गावं, तिची काही हरकत नव्हती. दिवेलागणीच्या आत घरी यावं एवढीच अट. त्या दिवशी साडेसातच्या गाडीने सून अंधारात एकटी फाट्यावरून चालत आली, तेव्हा तिने बुधवारही बंद केला आणि लातूरही.

"बाई, मी सून पाठवते," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही तुमचं आमेन पाच वाजता पाठवा."

मी कबूल केलं. मग आत गेले. ती चुलीपुढे उगीचच भांडी हलवत होती. मी म्हटलं, पोरी, चुकलं माझं. कोणाला असं म्हणायची मला सवय नाही, त्यामुळे ते फार हळू आलं. तिने ऐकलं की नाही कळेना. ती खाली बसली आणि माझ्या साडीच्या काठाची कुसळं एकेक करून काढू लागली.

"बाई, तुम्हाला लई लागलीत," ती म्हणाली.

"हाव," मी म्हटलं. "मोठं होतं ते मावशींनी काढलं."

तेव्हा ती हसली, आणि मला तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

लातूरच्या मेळाव्याला आम्ही जीप करून गेलो. सासूही आली. पोरीची आई देवणीहून सकाळीच येऊन सगळ्यांत पुढच्या रांगेत बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. तिची परतीची गाडी चारची होती, हे मला आमच्या ह्यांनी घरून निघतानाच बजावलं होतं. मेळावा मात्र मेळाव्यासारखाच चालला होता. पाहुण्यांचे सत्कार झाले, त्यांची भाषणं झाली, जेवायलाच दोन वाजले. आमचं नाव पुकारलं तेव्हा सव्वातीन होऊन गेले होते. ती आई उठून उभी राहिली होती आणि आता जावं की थांबावं अशा नजरेने लेकीकडे बघत होती. प्रार्थना आधी, गीत नंतर, असा क्रम होता.

माझ्या पर्समध्ये महिनाभर आधी लिहून काढलेली चार पानं होती. ती वाचली असती तर दहाच्या दहा मिनिटं माझीच झाली असती. खरं सांगते, हात पर्सकडे गेला. समोर माईक होता, लातूरचा एवढा मोठा मांडव होता, आणि अख्ख्या जन्मात पुन्हा असा माईक मला कोण देणार होतं?

पर्स बंद केली. डोळे मिटले, दोन्ही.

"प्रभू," मी म्हणाले, "आमच्यातील एक बहीण आहे. ती मी आहे. माझं मला दिसू दे. आमेन."

मग कोणीतरी असं दणदणीत आमेन म्हटलं की माईकसुद्धा घुमला, आणि त्याच्या पाठोपाठ पोरीने ओवी उचलली. आईने गाणं पुरतं ऐकलं आणि गाडीही गाठली. ते आमेन मावशींचं होतं असं चिटणीसबाई म्हणतात, मावशी म्हणतात तिच्या सासूचं. मला सांगता येणार नाही, माझे डोळे मिटलेले होते.