बयाबाई आणि लव्हाळ्याच्या गाठी

शिनोलीत, भीमाशंकर रस्त्याला लागूनच वैजयंतीबाईंचा बंगला आहे. पुण्यातली शाळेची नोकरी संपल्यावर त्या एकट्याच इथं राहायला आल्या आणि घरामागच्या चार गुंठ्यांत त्यांनी वांगी, मिरच्या, गवार, कडेनं मोगरा अशी हौसेची बाग केली. त्या बागेचं खुरपण नऊ वर्षं बयाबाईकडं होतं.

बयाबाई वरच्या वाडीतली. साठीची, अंगानं काटकुळी. डोंगरउतारावर तिची भाताची दोन खाचरं आणि थोडी नाचणी. नुकतं दोन पानांवर आलेलं रोप मिरचीचं आहे की तण, हे तिला उभ्या उभ्या सांगता यायचं. कुर्डू, केना, तांदुळजा उपटून ती पदरात घालायची आणि भाजीला घरी न्यायची. काम झालं की मागच्या पायरीवर ती आणि बाई चहा प्यायच्या. बयाबाईच्या दिवसातली ती सगळ्यात आवडती वेळ.

मागच्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात बाईंनी जयाला कामावर बोलावलं. जया गावातलीच, बावीस वर्षांची, नर्सरीचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली. बयाबाईचे गुडघे धरतात, तिला हाताखाली कुणीतरी असावं, एवढाच बाईंचा हेतू. बयाबाईला तो दिसला नाही. तिला दिसले ते जयाचे नवेकोरे हातमोजे.

जयाचं काम वाईट असतं तर बयाबाईला सोपं गेलं असतं. ते चांगलं होतं. गाजरगवत फुलावर यायच्या आत मुळासकट काढायचं, तेही मोजे घालून, असं जया म्हणाली. त्या गवतानं बयाबाईचे हात नऊ वर्षं खाजत होते आणि ती खोबरेल लावून गप्प बसत होती. मिरचीच्या बुडाशी जयानं वाळल्या पानांचा जाड थर पसरला. पंधरा दिवसांनी पानं सारून बघितलं, तर खाली जेमतेम चार तणं. बाईंनी फोटो काढून बहिणीला पाठवला.

एके दिवशी बाईंनी एक रोप दाखवून नाव विचारलं. बयाबाई म्हणाली, "दुधानी. मोडली की चीक येतो." बाई जयाकडं वळल्या. "हो का गं?" जयानं मोबाईल रोपावर धरला आणि म्हणाली, "बरोबर आहे." बयाबाई त्या दिवशी चहाला थांबली नाही.

श्रावणात चार दिवस उघडीप पडली. मेथीसाठी मोकळ्या ठेवलेल्या वाफ्याच्या कोपऱ्यात लव्हाळा माजला होता. दरवर्षी बयाबाई तो वीतभर खोल खणून, खालच्या काळ्या गाठींसकट काढायची. त्या वर्षी गुडघ्यांनी साथ दिली नव्हती.

"बाई, माझ्या भावाकडं छोटा टिलर आहे," जया म्हणाली. "अर्ध्या तासात वाफा मोकळा होईल."

यंत्रानं गाठी सुट्या होणार, वाफाभर पसरणार आणि प्रत्येक गाठ नव्यानं फुटणार, हे बयाबाईला स्वच्छ दिसत होतं. शब्द ओठांपर्यंत आला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "बघा बयाबाई, तुमचं चार दिवसांचं काम."

"चालवा की," बयाबाई म्हणाली.

जयाच्या भावानं, अमृतनं, टिलर फिरवला. माती पिठासारखी झाली. बयाबाई कडेला बसून बघत राहिली.

गणपती उठेस्तोवर सगळा वाफा लव्हाळ्यानं हिरवागार झाला. मेथी वर आलीच नाही. बाईंनी बयाबाईदेखतच जयाला विचारलं, "कोर्समध्ये हे शिकवलं नव्हतं का?" बयाबाईला बरं वाटलं. लई बरं वाटलं. घरी जाऊन ती एक भाकरी जास्त जेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जया वाडीवर आली आणि बयाबाईच्या ओट्यावर बसली.

"मावशी, टिलर फिरला तवा तुमी तिथंच व्हता. तुमाला ठाऊक व्हतं?"

बयाबाई तांदूळ निवडत होती. सुपातला खडा काढून टाकून ती म्हणाली, "व्हतं."

"मग बोलला का न्हाई?"

"बाई आता तुला इचारत्यात. मला कोण इचारतंय?"

जया म्हणाली, "तुमी गेल्यावर बाई काय बोलत्यात, ऐकलंय कधी? बयाबाईसारखं खुरप, बयाबाईसारखं बस. मला वीट आलाय. म्हणून तर टिलर आणला. म्हणलं, एकदा तरी तुमच्यावर मात करू."

बयाबाईनं सूप बाजूला ठेवलं. तिला हसू आलं नाही, पण राग धरायलाही जागा उरली नाही.

दिवाळीपर्यंत दोघी तो वाफा खणत होत्या. "वढू नको, तुटतंय," बयाबाई सांगायची. "बाजूनं माती उकर. दोऱ्यावाणी मूळ हाय, ते धरून फुडच्या गाठीला जा." मोज्यांतून मूळ हाताला लागेना, म्हणून जयानं मोजे काढले. माती चाळणीनं चाळून निघालेल्या गाठी त्या घमेल्यात गोळा करायच्या आणि बयाबाई त्या घरी नेऊन चुलीत घालायची.

खरं काय झालं ते जयानं बाईंना सांगितलं नाही. बयाबाईला तेही खुपलं. पोरगी मनानंही आपल्यापेक्षा मोठी निघाली, हे तिला सोसेना. शेवटी चहा पिताना तिनं स्वतःच सांगून टाकलं. बाईंनी कप खाली ठेवला. "माझी मेथी गेली की हो त्यात," एवढंच म्हणाल्या. आठवडाभर त्या बयाबाईशी कामापुरतंच बोलल्या, मग हळूहळू पहिल्यासारख्या झाल्या.

आता जया कळंबला एका नर्सरीत जाते आणि बाईंकडं फक्त रविवारी येते. तिनं लई आग्रह केला म्हणून बयाबाई एकदा एसटीनं ती नर्सरी बघायला गेली. तिथं एक म्हातारी बाई पिशव्यांतल्या रोपांचं तण काढत होती आणि जया तिच्याशेजारी बसून, "असं का, मावशी?" म्हणत शिकत होती. बयाबाई अर्ध्या तासात परत निघाली.

रविवारी जया बागेत आल्यावर बयाबाईनं मान वर न करता विचारलं, "ती तिथली बाई कोण गं? तिला लव्हाळा काढता येतो का?"