नजरेत न मावलेली म्हैस

माझ्या नजरेविषयी कोल्हापुरात दोन कथा प्रचलित आहेत आणि दोन्ही साफ खोट्या आहेत. पहिली आमच्या सौभाग्यवतींची: ह्यांना हवे तेवढे बरोबर दिसते, आमटीतला केस दिसतो, दारातली बादली तेवढी दिसत नाही. दुसरी माझ्या मित्राची. त्याने शाहूपुरीत जन्मभर गुळाचा व्यापार केला असल्याने कोणतीही गोष्ट गोड करून विकण्याची त्याला सवय आहे. त्याच्या मते मी ठार आंधळा असून केवळ त्याच्या आधाराने वावरतो.

वस्तुस्थिती अशी, की काचबिंदूने माझ्या नजरेच्या कडा खाल्ल्या आणि मधोमध एक भोक तेवढे शिल्लक ठेवले. भोकातले स्वच्छ दिसते. भोकाबाहेर जगच नाही.

वादाचे मूळ आमच्या दूध कट्ट्यावर आहे. तेथे संध्याकाळी गवळी म्हशी आणून बांधतो आणि आपल्यासमोर धार काढून फेसाळ ग्लास हाती देतो. गेल्या वर्षी मी तेथे सर्वांना वर्तमानपत्र वाचून दाखवले आणि पुढच्याच क्षणी म्हशीच्या गळ्यात पडलो. एवढ्या भांडवलावर या मंडळींनी वर्षभर धंदा केला.

म्हणून, दृष्टी गेलेल्यांचे व अधू झालेल्यांचे अनुभव त्यांच्याच आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करणाऱ्या एक बाई भेटल्या, तेव्हा मी हट्टाला पेटलो. निदान एकदा तरी माझी हकिकत माझ्या तोंडून नोंदली जावी. बाईंना स्वतःला मुळीच दिसत नाही. घरी दुरुस्त्या सुचवणारे माणूस असल्याने मी त्यांना कट्ट्यावर बोलावले. तेथे मित्र टपूनच बसला होता.

“ताई, त्याचं काय ऐकताय? मी धरला म्हणून वाचला ह्यो!”

“तू त्या वेळी ग्लासात नुसता फेसच आला म्हणून भांडत होतास.”

“व्हय की, भांडत हुते,” गवळी म्हणाला. “पर आजोबा, पेपरातली बारकी अक्षरं दिसली आन् एवढी म्हस दिसंना?”

“अक्षर भोकात मावते. म्हैस मावत नाही!”

बाई शांतपणे म्हणाल्या, “काका, हे दोघे कुठे चुकतात ते कळलं. तुम्हाला काय दिसलं, ते अजून सांगितलं नाहीत.”

भांडणात मी कधी अडलो नाही. तेथे अडलो. मग सांगू लागलो.

“पेपर मिटला, मान वळवली. भोकात गवळ्याचा अंगठा आला, त्याच्या वर फेस. त्या फेसाकडे चालत गेलो. एकाएकी सगळे काळे झाले. वाटले, संपले, उरलेली नजरही गेली. हात पुढे केला, तर हाताला केस लागले. ऊबदार. म्हैस आहे हे कळताच मला इतका आनंद झाला, की मी तिला मिठी मारली. मी पडलो नव्हतो.”

“हे कधी बोलला न्हाईस की, लेका,” मित्र म्हणाला.

“तू बोलू दिलेस कधी?”

ध्वनिमुद्रणात मधे मधे आलेला त्याचा आवाज काढून टाकू का, असे बाईंनी विचारले.

“राहू द्या,” मी म्हणालो. “आपल्याला कोणामध्ये राहावे लागते, तेही ऐकणाऱ्यांना कळू दे.”