क्लचबाई मागच्या सीटवर

गाडी शिकायची म्हटलं की त्या भागातले लोक आधी विचारायचे, "क्लचबाईंकडे जागा आहे का?" हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना माहीत. शिकणारा बाप्या असो की बाई, गाडी गचका खाऊन बंद पडली की तिचं एकच वाक्य, "क्लच, बाई, क्लच!" एकदा एका निवृत्त न्यायाधीशांनाही ती असंच म्हणाली होती. त्यांनी मुकाट्याने क्लच दाबला.

शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. क्लचबाईच्या तोंडाची टकळी दिवसभर चालू असायची. सासू, भाजी, सिनेमा, सगळे विषय व्हायचे, पण त्या दुसऱ्या ब्रेकवरचा तिचा उजवा पाय कधी बेसावध नसायचा. तिचा भागीदार मास्तर दुसरी गाडी चालवायचा. तो इतका कमी बोलायचा की त्याचे विद्यार्थी त्याच्या भुवया बघून वळण घ्यायला शिकायचे.

घरी ती आणि तिचा नवरा, दोघंच. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. गावाला नजर देणारा हा माणूस स्वतः एका डोळ्याने अधू, त्यामुळे गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता. "आमच्याकडे बायको नेईल तिकडे नवरा जातो," असं तो कौतुकाने सांगायचा.

पन्नाशी आली तशी क्लचबाईची पँट कमरेत बसेना. दोन घास खाल्ले की पोट तट्ट. शिकवता शिकवता पेट्रोल पंपावर गाडी थांबवून बाथरूमला पळावं लागे. तिने सगळ्याला एकच कारण लावलं, दिवसभर बसून काम. गॅसच्या गोळ्या खाल्ल्या आणि दुखणं अंगावर काढलं. शेवटी सीटबेल्टसुद्धा पोटाला सोसेना, तेव्हा ती तो एका हाताने पुढे ओढून धरायला लागली. असंच एके दिवशी शिकायला आलेल्या एक बाई दवाखान्यात सोनोग्राफी करायच्या. त्यांनी न सांगता गाडी कडेला घेतली.

"बाई, हे कधीपासून चाललंय?"

"असेल दोन-तीन महिने. तुम्ही आरशात न बघता कडेला घेतलीत."

"उद्या सकाळी माझ्याकडे या. या म्हणजे याच."

ती गेली. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, स्कॅन झाला. डॉक्टर शांत, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं, "अंडाशयाचा कॅन्सर आहे. पोटाच्या आतल्या अस्तरावरही पसरलाय. आधी ऑपरेशन, मग केमो." नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. क्लचबाईने विचारलं, "गाडी कधी चालवता येईल?" तिलाही ठाऊक होतं की हा प्रश्न आत्ताचा नाही. पण दुसरा तोंडातून फुटत नव्हता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोन बॅगा घेऊन वन्सं आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं, सगळी हयात मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था बघण्यात गेलेली. शिस्त कडक आणि जिभेला हाड नाही. तोवर नणंद-भावजयीचं नातं 'दुरून डोंगर साजरे' असंच होतं. आता डोंगर थेट बैठकीच्या खोलीत येऊन बसला.

वन्संनी घराचं वसतिगृह केलं. थोडं थोडं पण वारंवार खायचं. दुपारी झोपायचं म्हणजे झोपायचं, पुस्तक घेऊन पडणं चालणार नाही. केमोनंतर क्लचबाईच्या तोंडाला लोखंडाची चव आली, चमचा जिभेला लागला की उमळायचं. वन्संनी स्टीलचे चमचे उचलून ठेवले आणि लाकडी आणले. पोट साफ होईना तेव्हा त्याचीही चौकशी रोज सकाळी, दार उघडं असताना, खणखणीत आवाजात.

"वन्सं, हळू! खालच्या मजल्यावर ऐकू जातं."

"जाऊ दे. त्यांनाही होत नसेल तर धीर येईल."

अंडाशयं काढल्यामुळे पाळी एका फटक्यात बंद झाली आणि अंगातून वाफा निघायला लागल्या. बोलता बोलता ती उठून फ्रिज उघडायची आणि दारात उभी राहायची. केस गेले. तिने एक टोप आणला, पण तो टोचायचा. एकदा तिने तो काढून गाडीच्या सीटच्या उशीवर अडकवला आणि विसरली. सकाळी मास्तरने गाडीचं दार उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने ओरडला की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन धावत आला. त्यानंतर ती सुती रुमाल बांधायला लागली.

केमोच्या मधल्या बऱ्या दिवसांत ती थोडा वेळ शिकवायला जायची. कामावर गेलं की ती पुन्हा माणसात यायची. पण पायांत मुंग्या यायला लागल्या होत्या. बोटांपासून सुरू झाल्या आणि हळूहळू तळवे कापसाचे झाले. कॅन्सरपुढे मुंग्यांचं काय रडगाणं गायचं, म्हणून ती कुणाला बोलली नाही.

एका दुपारी ती कोपऱ्यावरच्या दुकानातून लिंबं घेऊन आली. वन्संनी दार उघडलं आणि खाली पाहिलं.

"अगं, एक चप्पल कुठाय?"

क्लचबाईने पाहिलं. डावा पाय अनवाणी होता, टाचेला थोडं रक्तही होतं. चप्पल कुठे निसटली, खडा कधी टोचला, काही काही कळलं नव्हतं. दोघी हसल्या. मग क्लचबाई लिंबं वन्संच्या हातात देऊन तशीच खाली गेली आणि उभ्या गाडीत आपल्या जागेवर बसली. डोळे मिटून तिने उजवा पाय टाकला. पाय ब्रेकवर आहे की नुसत्या मॅटवर, ते डोळे उघडल्याशिवाय तिला सांगता येईना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेव्हा मात्र ती रडली. आजार कळल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरला सांगितलं, "आजपासून मी पुढे बसणार नाही. लोकांची लेकरं आहेत." मास्तरने मान हलवली आणि तिच्यासाठी चहा मागवला.

डॉक्टर मात्र रागावल्या. "मुंग्या कधीपासून?"

"दुसऱ्या केमोपासून."

"आणि मला आज सांगताय? अहो, मुंग्याच वेळेवर सांगायच्या असतात. औषधाची मात्रा मला कमी करता येते. पायातली गेलेली जाणीव पूर्ण परत आणता येईलच असं नाही." त्यांनी मात्रा बदलली, मऊ बंद बूट घालायला सांगितलं, रोज पाय उलटेपालटे करून तपासायला सांगितलं. त्या कामावर नवऱ्याची नेमणूक झाली. भिंग घेऊन तो बायकोचे तळवे इतके बारकाईने बघायचा की तिला गुदगुल्या व्हायला हव्या होत्या. होत नव्हत्या, पण ती हसायची.

आता तिला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, मग दवाखान्यात न्यायचं कुणी? टॅक्सीतल्या अत्तराच्या वासाने तिला उलटी व्हायची. संध्याकाळी जेवताना वन्संनी जाहीर केलं, "मला गाडी शिकव."

"वन्सं, तुम्ही? या वयात?"

"का? मला पाय नाहीत? तुझ्यापेक्षा तरी शाबूत आहेत."

दुसरी कुणी असती तर हे बोलणं लागलं असतं. क्लचबाईला मात्र त्यात किती दिवसांनी कुणीतरी आपल्याशी नेहमीसारखं बोलल्याचा आनंद झाला.

शिकवणी सुरू झाली. वन्सं चाकामागे, शेजारी ब्रेकवर पाय ठेवून मास्तर, आणि मागच्या सीटवर पोटाशी उशी धरून क्लचबाई. बोलायचं तिने, थांबवायचं त्याने.

"क्लच, वन्सं, क्लच!"

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. दाबलाय."

"तो ब्रेक आहे."

मास्तरच्या भुवया कपाळावरून थेट टाळूपर्यंत गेल्या. पण वन्सं चिवट. वसतिगृहात शंभर मुलींना वळण लावलेली बाई स्टिअरिंगला काय जुमानणार? त्या पहिल्याच परीक्षेत पास झाल्या आणि शेवटच्या केमोला भावजयीला स्वतः घेऊन गेल्या. चौकात गाडी बंद पडली, मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. वन्संनी काच खाली केली आणि वसतिगृहाच्या आवाजात म्हणाल्या, "एकेकाला रांगेत उभं करीन!" हॉर्न थांबले. मागे क्लचबाईला एवढं हसू आलं की टाक्यांच्या व्रणावर हात दाबून धरावा लागला.

स्कॅन चांगला आला. आजार आटोक्यात ठेवायच्या रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. केस आले, ते कुरळे. पायांत थोडी जाणीव परतली, बोटं कापसाचीच राहिली. तिने काम सोडलं नाही, बदललं. आता मास्तर पुढे आणि ती मागे, अशी ती दोघं मिळून शिकवतात. घाबरट लोक तर मुद्दाम ही जोडी मागून घेतात. दुपारी दमली की ती सरळ सांगते, "आजचा माझा डबा रिकामा झाला," आणि घरी जाऊन झोपते. पूर्वी हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नसतं.

दोन वर्षांनी रक्ततपासणीतला कॅन्सरचा आकडा पुन्हा चढला. डॉक्टर म्हणाल्या, लहान गाठ आहे, पुन्हा केमो द्यावा लागेल, या वेळी औषध दुसरं, पायांना सांभाळणारं. "हा आजार असा येत-जात राहू शकतो. आपण त्याला आवरत राहायचं."

उपचार सुरू व्हायच्या आधी तिघं टेकडीपलीकडच्या तलावावर गेली. वन्सं चालवत होत्या, क्लचबाई शेजारी, नवरा मागे थर्मास मांडीवर घेऊन. घाट उतरताना क्लचबाई म्हणाली, "वन्सं, मला भीती वाटते."

"मलाही वाटते," वन्सं रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "पण आत्ता बोलू नकोस, उतार आहे, मला गिअर बदलायचाय."

गिअर बदलला. मागून नवऱ्याचा हात पुढे आला आणि बायकोच्या खांद्यावर राहिला. मग सपाटी लागली, वन्संनी डावा हात सोडून भावजयीचा गुडघा दाबला आणि म्हणाल्या, "हं, आता बोल. सगळं बोल."

आणि ती बोलली, तलाव येईपर्यंत आणि आल्यावरही, चहा निवून गेला तरी.

आता तिची केमोची दुसरी फेरी चालू आहे. मळमळ कमी आहे, थकवा जास्त. पायांत मुंग्या आल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करते. वन्संच्या दोन बॅगा परत भरायच्या कधी, हा विषय घरात कुणी काढत नाही.