तीन नावांची ओळख

माझ्या आतेभावाइतकी नेटाने ओळख करून देणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. कुणाची ओळख करून द्यायला इतरांना एक नाव पुरतं, याला तीन लागतात. एका लग्नात जेवणाच्या रांगेत त्याने मला एका अनोळखी गृहस्थांपुढे उभं केलं आणि सुरू झाला, "हे माझे मामेभाऊ. हिंगोलीत स्टेशनकडं पाईपचं दुकान हाय त्यांचं. ओळख पटंना तर नुसतं दुकानदार समजा. तेबी जमंना तर माणूस समजा." गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, "मी माणूस समजूनच नमस्कार केला होता." माझी जिलबी तेवढ्यात संपली, हे वेगळंच.

याचं खापर त्याच्या धंद्यावर फोडायला हवं. पुसेगावात आत्याच्या घरी, पूर्वी हळदीची पोती रचायची त्या खोलीत, तो लॅपटॉप मांडून बसतो. शेजारी बाजेवर तळहाताएवढे हिरवे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि तारांचा गुंता. तू नेमकं काय करतोस, असं मी एकदा विचारून बसलो. "दादा, तुमच्या कॉम्प्युटरला माऊस लावला की तो सोताच सांगतो, मी माऊस हाय. ह्या बोर्डावरले भाग मुके. हे गरमी मोजणारं बघा, तारेच्या टोकाला गप बसून राहिलंय. ऑपरेटिंग सिस्टिमला काय सपान पडतंय का, हितं कोन बसलंय म्हणून? मंग आपण लिहून द्यायचं, अमक्या तारेवर, अमक्या नंबरला, अमकं बसलं हाय. मंग त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम, म्हंजे ड्रायव्हर, त्याच्याशी बोलाया लागतो." तीन नावांचा उगमही इथलाच. आधी त्या भागाचं अगदी नेमकं नाव लिहायचं. त्या नावाचा ड्रायव्हर नसला तर त्याच्या थोरल्या भावाचं, म्हणजे आधीच्या मॉडेलचं, तेही नसलं तर सगळ्या खानदानाचं. "शेवटच्या नावावर जुळलं तरी काम भागतं. बारीकसारीक चार गोष्टी चालत न्हाईत, एवढंच."

त्याचा दुसरा नेम असा, की काय आहे ते सांगायचं, काय करायचं ते सांगायचं नाही. शेजारच्या मुलाची चौकशी करायला सेनगावकडून पाहुणे आले आणि दुर्दैवाने यालाच भेटले. हा म्हणाला, "पोरगं हाय. ट्रॅक्टर हाय, पण बंद हाय. बोअर हाय, पाणी होळीपस्तोर. आजोबा हायत, सकाळी बोलत्यात, दुपारून न्हाई." पाहुण्यांनी धीर करून विचारलं, "मंग पोरगी द्यावी का?" तर म्हणे, "ते माझ्याकडं न्हाई. मी फकस्त काय हाय ते सांगतो." शेजाऱ्याने याच्याशी बोलणं टाकलं. गंमत म्हणजे लग्न जमलं, कारण मुलीच्या बापाला सगळं सांगितल्याबरहुकूम सापडलं, आजोबांसकट.

'बंद' आणि 'नाही' यांत तो कधीही गल्लत होऊ देत नाही. बोर्डावर एखादा भाग बसवलेला आहे, पण वापरात नाही, तर तो वर्णनातून खोडायचा नसतो. 'आहे, पण बंद' असं लिहून ठेवायचं असतं. आत्याच्या ओसरीवर जुना बंद फोन अजून ठेवलेला आहे. मी म्हटलं, टाक की भंगारात. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच भंगारात निघालो आहे असं मला वाटलं.

गेल्या पावसाळ्यापासून आत्या माणसं विसरायला लागली. मी म्हणालो, "आत्याची आठवण गेली रे." तो म्हणाला, "गेली न्हाई, दादा. बंद हाय." मी सवयीने हसायला गेलो आणि मला हसता आलं नाही.

घरात मायलेक दोघंच. आत्याने जन्मात परक्याच्या हातचं खाल्लं नाही. बाजाराला निघाली तरी फडक्यात स्वतःची भाकरी असायची. आठवण बंद झाली, पण हा नेम पक्का चालू राहिला. ओळख पटल्याशिवाय ती ताटाला हात लावीना. तोवर लेकाला ओळखत होती म्हणून निभावत होतं.

एके दुपारी मी गेलो तेव्हा तो ताट घेऊन तिच्यापुढे गेला होता. तिने पदर सावरला. "कोन रं तू? काहून माझ्या घरात हिंडून राहिला?" मी दारातच थबकलो. तो खाली बसला, ताट बाजूला ठेवलं आणि लग्नातल्या त्या गृहस्थांशी बोलला होता त्याच सुरात म्हणाला, "माय, मी तुझा धाकला."

तिने नीट न्याहाळलं. "न्हाई."

"मंग हळदीच्या खोलीत बसतो, त्यो."

"त्यो कोन?"

"मंग आपल्या घरचं माणूस."

आत्या विचारात पडली. मग तिचा चेहरा सैल झाला. "घरचं हायस व्हय? मंग उपाशी काहून बसलास? घे, आधी तू खा." तिने भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली आणि उरलेली स्वतः खाऊ लागली. तोही खाली मान घालून खात राहिला.

मला फार वाईट वाटलं. निघताना अंगणात त्याला म्हणालो, "तिला शेवटचंच नाव पटतंय, तर थेट तेच सांगत जा. रोज तिच्या तोंडून 'न्हाई' कशाला ऐकून घ्यायचं?"

"पहिलं नाव गाळायचं न्हाई, दादा," तो म्हणाला. "आज त्याचा ड्रायव्हर न्हाई, म्हणून उद्याबी नसंल असं थोडंच हाय?"

आता आत्याकडे गेलो की मीही तसंच करतो. मी तुझ्या भावाचा थोरला, न्हाई तर तुझ्या माहेरचा, न्हाई तर आपलं माणूस. बहुतेक वेळा तिसऱ्यावर जुळतं आणि चहा मिळतो. पण पहिलं नाव घेऊन झालं, की मी उंबऱ्यापाशी थोडा थांबतो.