भाऊजींच्या गुडघ्याची वही

माझ्या भाऊजींना अपंगत्वाचा दाखला मिळायला सहा महिने उशीर झाला, त्याला पूर्णपणे मी जबाबदार आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे, यजमान. राहायला भिवंडीजवळच्या वळ गावात. मानकोलीच्या गोडाऊनवर गठ्ठे उतरवताना टेम्पोवरून पडले आणि उजवा गुडघा आखडला तो आखडलाच. हमाली सुटली. आता अपंगांची पेन्शन मिळाली तरच चूल पेटणार, आणि त्यासाठी दाखल्यावर निदान चाळीस टक्के हवेत.

"दादूस, तू शिकलेला हायस, तूच बघ," सुमन म्हणाली.

ही तिची पहिली चूक. मी गॅसच्या टाकीवरसुद्धा लावल्याची तारीख खडूने लिहिणारा माणूस!

मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मी भिवंडीहून रोज वळला जाऊ लागलो. भाऊजींचा गुडघा किती वाकतो ते वहीत टिपायचो. पहिल्या दिवशी तीस अंश.

"तीसच?" भाऊजी खट्टू झाले. "नापास झाल्यासारखा वाटतंय. परत मोज!"

दातओठ खाऊन त्यांनी बत्तीस केले. मग रोज ईर्ष्या! पंधराव्या दिवशी दोन शेजाऱ्यांनी पाय दाबून धरला आणि आकडा अठ्ठावन्नवर गेला. मी लाल शाईने आलेखही काढला. (उत्तम आला होता.)

तपासणीच्या दिवशी दारातच सुमनने बजावलं, "दादूस, तू फकत गप ऱ्हा."

डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला. वाकेना. "पंचेचाळीस टक्के," म्हणत त्यांनी पेन उघडलं. मी गप्पच होतो. पण एवढी वही फुकट जाताना बघवेना!

"साहेब, पंधरा दिवसांची नोंद आहे. आलेखासकट."

डॉक्टरांनी पानं उलटली आणि पेनाला टोपण लावलं.

"तीसचे अठ्ठावन्न? पाय सुधारतोय की! मग कायमचं अपंगत्व कसं लिहू? व्यायाम चालू ठेवा, सहा महिन्यांनी या."

"साहेब, त्यो दोघांनी दाबून वाकवला व्हता!" भाऊजी ओरडले.

"तसं वहीत लिहिलंय का?"

लिहिलं नव्हतं. (माझ्या आयुष्यातली एकमेव अपुरी नोंद!)

"सा महिने काय तुजा आलेख शिजवून खाऊ?" सुमन रिक्षात एवढंच बोलली. ते सहा महिने सुमनच्या घरी लागणारा तांदूळ आमच्या घरून गेला, आणि बायकोने तो मला दाखवून दाखवून मोजला.

पुढच्या खेपेला दोघं मला न सांगताच गेली आणि पंचेचाळीस टक्के घेऊन आली. सुमनने सगळे कागद फायलीला लावायला माझ्यापुढे टाकले. त्यात डॉक्टरांची पहिल्या वेळची चिठ्ठी होती, जी तिने मला आजवर दाखवली नव्हती. 'सहा महिन्यांनी यावे' याखाली लिहिलं होतं: 'सोबत नातेवाईक आणावा. शक्यतो दुसरा.'

मी त्या चिठ्ठीच्या तीन झेरॉक्स काढून ठेवल्या.