माझं दुखणं मीच सांगीन

आमच्या घरात आजारी माणूस डॉक्टरकडे बोलायला जात नाही, नुसता दाखवायला जातो. बोलायला बाकीचे असतात. मुलचेऱ्याहून चंद्रपूरला निघायचं म्हटलं की गाडीत पेशंट एक आणि वकील तीन. दीर, कारण गाडी त्याची. नवरा, कारण पेशंट त्याचा. आणि मोठी नणंद, कारण तिला सगळे डॉक्टर माहीत. कोण हाडाचा, कोण नसांचा, कोण पोटावर मशीन फिरवून फोटो काढतो आणि तोंडातून एक शब्द काढत नाही, हे ती झोपेतही सांगेल.

मी शाळेत शिकवते. लग्नघरी बाया माझ्याभोवती गोळा होतात, कारण घराण्यातले सगळे किस्से माझ्याजवळ आहेत, आणि जे नाहीत ते मी मांडवातच तयार करते. अशी मी डॉक्टरच्या स्टुलावर बसले की मुकी. डॉक्टर माझ्याकडे बघून विचारणार, आणि उत्तर माझ्या डोक्यावरून जाणार. मी आपली एकेकाच्या तोंडाकडे बघत बसायची. आपल्याला काय होतंय हे ऐकायला मलाही उत्सुकता असायची.

आमची दुसरी रीत अशी की पाटीवर जे लिहिलं असेल तेवढंच त्या डॉक्टरपुढे बोलायचं. हाडाच्या डॉक्टरला गुडघे सांगितले, त्याने गुडघ्याच्या गोळ्या दिल्या. चामडीच्या डॉक्टरला कोरडी चामडी सांगितली, त्याने मलम दिलं. हाडाच्या डॉक्टरपुढे पाळीचा विषय काढायचा? शोभतं का ते? आणि बायांच्या डॉक्टरपुढे गुडघे काढले तर बिचारीचा वेळ जातो. त्यामुळे मी डॉक्टरांत वाटली गेले होते, आणि अख्खी मी कुणालाच दिसत नव्हते.

अंगावरून फार जायला लागलं तेव्हा बायांच्या डॉक्टरची पाळी आली. आधी गावातल्या डॉक्टरच्या दोन सुया टोचून झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, नीट विचारत होत्या.

"गोळ्या घेऊन पाहिल्या का?"

"सगळं करून झालं मॅडम," नणंद म्हणाली. "पिशवीच काढून टाका. माही बी काढली, आता काही त्रास नाई."

अंगावरून जाणं थांबवायची एकही गोळी माझ्या पोटात गेली नव्हती. पण मी नेहमीसारखी नणंदेच्या तोंडाकडे बघत बसले. सोनोग्राफीत पिशवी थोडी सुजलेली दिसली आणि ऑपरेशन ठरलं. मार्कंड्याची जत्रा झाल्यावर, धानाच्या रोवणीच्या आधी. रोवणीला मी बांधावर उभी पाहिजे होते ना.

परतताना गाडीत मी एवढंच म्हटलं, "मले नाई काढायची."

"काऊन? आता काय लेकरं करतं का?" नणंद म्हणाली, आणि तिघंही हसली. वापर संपलेली वस्तू घरात ठेवून काय करायची, असा त्यांचा सरळ हिशेब. मी खिडकीतून मोहाची झाडं बघत राहिले. मला त्या पिशवीचं काही फार प्रेम होतं असं नाही. पण घरातला जुना पाटासुद्धा माझ्या सासूने मला विचारून देऊन टाकला होता.

ऑपरेशनच्या दिवशी एप्रिल होता. चंद्रपूरचा एप्रिल. बाहेर डांबर पायाला चिकटत होतं, आणि मी खाटेवर स्वेटर घालून बसले होते. वर्षभर मला थंडी वाजायची. घरात त्याचा विनोद झाला होता, आणि तो विनोद मीच सगळ्यांत जास्त वेळा सांगितला होता.

तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर आले. माझी समजूत अशी की हा माणूस येतो, झोपवतो आणि जातो. त्याला आपल्याशी बोलायचं काय काम? हे तर खाटेजवळ स्टूल ओढून बसले. माझी नाडी धरली आणि सोडेचनात.

"दम लागतो का?"

"नाई," नवरा म्हणाला.

"झोप कशी आहे?"

"लई झोपते. दिवसा बी झोपते," नणंद.

"आणि हा स्वेटर?"

"कमजोरी हाय सर," दीर हसत म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. "भूल यांना द्यायची आहे. तुम्हा तिघांना द्यायची असती तर तुम्हाला विचारलं असतं."

"तिले काय समजते सर? मी सांगतो ना सगळं," नणंद पुढे सरकली.

वर्गातल्या पोरांना एका नजरेत बसवणारी मी, आणि मला काय समजते! माझा घसा वर्षभर बसलेला होता, आवाज बेडकासारखा. त्याच आवाजात मी म्हटलं, "बाई, तुमी बाहेर जा. भाऊजी, तुमी बी. अवो, तुमी बी. माझं दुखणं मीच सांगीन."

नवरा आधी उठला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

मग मी सांगत सुटले. गुडघे, चामडी, पाळी, थंडी, घसा, विंचरताना हातात येणारे केस, फळ्यासमोर उभ्याउभ्या येणारी झोप. पाटी कशाची आहे ते पाहिलंच नाही. डॉक्टरांनी मला घोट गिळायला लावला, गळ्यावर बोटं ठेवली, आणि म्हणाले, "आज मी भूल देणार नाही. नाडी फार मंद आहे. आधी थायरॉइड तपासू, फिजिशियनला दाखवू. मग ठरवू."

डॉक्टरीणबाई आल्या. गोळ्यांचं त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी मला. "एक बी नाई," मी म्हटलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात नणंद उभी होती.

गाडीपाशी मोठं भांडण झालं. दीर म्हणाला, "इथी नाई करत तर दुसऱ्या दवाखान्यात जाऊ. आलोच आहो तर काढूनच जाऊ."

"भाऊजी, तुमच्यापाशी पिशवी असती तर तुमी खुशाल काढून आले असते," मी म्हटलं. "ही माझी हाय. हात नाई लावू देत."

रस्त्यावरचे लोक बघत होते. बघू दे. नणंद पूर्ण रस्ता खिडकीकडे तोंड करून बसली.

फिजिशियन म्हणजे न कापणारा, न चिरणारा, नुसता विचारत बसणारा डॉक्टर. रिपोर्ट बघून त्याने सांगितलं, थायरॉइड मंदावला आहे आणि बाकीची बरीच तक्रार त्याच्यातूनच आली आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. काही महिन्यांनी पाळी ताळ्यावर आली, गुडघे निवले, स्वेटर पेटीत गेला. पिशवी आहे तिथेच आहे. डॉक्टरीणबाईंना मी दाखवत असते. काढायची वेळ आलीच तर काढीनही, पण मला समजावून सांगितल्यावर. आवाजही परत आला, याबद्दल घरातल्यांचं मत विचारू नका.

नणंद पुढच्या दिवाळीला आली. भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, "माही काढली, तवा मले बी कोणी विचारलं नव्हतं."

सगळे किस्से माझ्याजवळ, आणि हा नव्हता.

"छातीत धडधडते," ती पुढे म्हणाली. "हार्टच्या डॉक्टरकडे जायचं हाय. तू चाल संग. पण बोलू नको."

गेलो. गाडी दिराचीच, म्हणून दीरही होता. मी बाहेर बाकावर बसले, तोंडात सुपारी धरून, म्हणजे तोंडाला काम राहील. दीर मात्र सवयीने आत गेला. दार लोटलेलं होतं. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, दिराने सुरुवात केली, "कसं हाय सर, तिले..."

"तुले कोणी विचारलं रे?" आतून नणंदेचा आवाज आला. "चाल, हो बाहेर."