डब्यातली खरचुडी

गुडघे गेले की वनस्पतिशास्त्र संपतं, असं माझं मत झालंय. निदान माझं तरी संपत आलं होतं. केजच्या कॉलेजात शिकवण्यात सगळी नोकरी गेली आणि त्यातले कितीतरी रविवार नेकनूरपलीकडच्या एका डोंगराने खाल्ले. डोंगर कसला, खडकाळ माळच तो! बोरी, तरवड आणि लुगड्याला चिकटणारं कुसळी गवत. घरचे वैतागून म्हणायचे, तिथं काय पुरून ठेवलंयस का तू? आता काय सांगायचं त्यांना? पुरलेलंच होतं. जमिनीखाली एक कंद होता.

त्या वेलीला पुस्तकात कंदीलपुष्प म्हणतात, आमच्याकडे खरचुडी. कंद पोटाच्या दुखण्यावर देतात, बाळंतिणीला देतात, आणि रानात भूक लागली की लोक नुसताच उकरून खातात. चवीला बरा लागतो, हेच तिचं दुर्दैव. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या उतारावर बऱ्याच वेली होत्या. काही पोटात गेल्या, काही औषधवाल्यांच्या पोत्यात गेल्या, आणि उरलेल्यांवरून पवनचक्कीच्या रस्त्यासाठी जेसीबी फिरला. अर्ज केले, माणसांना भेटले, चहा प्यायले आणि परत आले. शेवटी एकच वेल उरली, बोरीच्या जाळीत शिरलेली.

ती फुलायची, पण शेंग धरायची नाही. आणि यंदा, मी निवृत्त व्हायच्या वर्षी, बयेनं शेंग धरली! बैलाच्या शिंगांसारखी हिरवी जोडी. दिवाळीपर्यंत पिकली असती, बी हाती आलं असतं, कॉलेजच्या बागेत रोपं करून मी पुन्हा त्याच उतारावर लावली असती. एवढं झालं की मी सुटले, असं मी मनाशी घोकत होते. खरं सांगते, मला सुटायचंच होतं.

वेलीवर नजर ठेवायची ती अक्का. माझ्याच वयाची, त्या उतारावर शेळ्या राखणारी. मी चढून आले की पाणी द्यायची, शेळ्या बोरीकडे वळल्या की त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. गेल्या खेपेला तिला म्हणाले, "अक्का, आता माझ्यानं चढवत नाही गं. शेंग पिकली की काढून ठेव, तेवढी खाली गावात येऊन नेईन. मग काही माझं येणं व्हायचं नाही."

ती "बरं" म्हणाली आणि शेळ्यांकडे बघत बसली.

मग डोंगराखालच्या गावच्या सरपंचांचा फोन आला. "म्याडम, गावानं तुमचा सत्कार ठेवलाय. न्हाई म्हणू नका, लई वाईट वाटंल लोकान्ला." कॉलेजातल्या निरोपसमारंभांनी आधीच जीव मेटाकुटीला आला होता. पण गेले. मारुतीच्या देवळापुढे मंडप, कर्णकर्कश माईक, आणि माझ्या डोक्याला फेटा असा आवळलेला की कानशिलं ठणकायला लागली. हल्ली हारतुऱ्याऐवजी रोप द्यायची टूम सगळीकडे निघालीय, तेव्हा तुळस किंवा मोगरा मिळणार हे धरून चालले होते.

सरपंच माईकवर म्हणाले, "आता म्याडमला त्यांचं सगळ्यात आवडतं झाड देण्यात येत आहे." आणि अक्का स्टेजवर आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात हिरवा रंग दिलेला तेलाचा डबा. डब्याला लाल रिबीन. आणि त्यात माझी खरचुडी.

पानं माना टाकून लोंबत होती, शेंगांची जोडी सुरकुतली होती. लोक टाळ्या वाजवतायत, अक्का लाजून हसतेय, आणि मी डबा छातीशी धरून उभी. दोन शब्द बोला म्हणाले. काय बोलले देव जाणे. आभारच मानले असणार.

मंडप पांगल्यावर मी तिला देवळामागे ओढलं. "अगं बाई, का उपटलीस? शेंगा होत्या ना तिला! एवढी वर्षं कशासाठी मरमर केली मी?" आवाज चढला होता, चढू दिला. रडू येत होतं ते वेगळंच.

तिचं तोंड एवढंसं झालं. "मुळासकट काढली बाई. टिकाव मारून मारून हात सोलले. कंदाला धक्का लागू दिला न्हाई."

"पण काढलीसच कशाला?"

"तुमीच म्हनलात न्हवं, आता यायचं न्हाई म्हणून? मंग ती कुनासाठी राखायची? आज मी हाय, उद्या नसले तर शेरडं खातील, न्हाईतर त्यो जेसीबी. तुमच्या दारात तरी जगंल म्हनलं."

माझ्या डोक्यात बी होतं, बाग होती, रोपं होती. मी येणार नाही याचा तिने काय अर्थ लावला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ऊन कलायला लागल्यावर आम्ही दोघी डोंगर चढलो. डबा तिच्या डोक्यावर, पाण्याची घागर कडेवर, फेटा माझ्या काखेत. मी दर वळणावर बसत होते आणि गुडघ्यांना शिव्या देत होते. बोरीखाली तिने खणलेला खड्डा तसाच उघडा होता. कंद खरोखरच अखंड निघाला. तो आत ठेवला, तिने माती सारली, घागरीतलं पाणी घातलं. वाळलेल्या शेंगा मी तोडून टाकल्या.

"जगंल का?" तिने विचारलं.

"कंद जगेल कदाचित. यंदाचं बी मात्र गेलं."

"मंग फुडल्या साली धरंल की." मातीचे हात लुगड्याला पुसत ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी येनार का पर?"

मी खाली उताराकडे बघितलं. सगळं उतरायचं होतं, आणि मग पुन्हा कधीतरी चढायचंही होतं. अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं.

"येते गं," म्हणाले. "आधी हात दे, उठव मला."